शांतारामच्या अंगातलं रक्त कुणाचं?

१

मंगळवारी सकाळी डॉक्टर गोकुळदासांनी रिपोर्टांचा गठ्ठा मेजावर असा काही आपटला, की सगुणदादाच्या हातातला उंडा पाव सरळ चहात पडला.

"विनोदिनी! हे काय गो?"

विनोदिनी म्हणजे लॅबमधली पोरगी. चोवीस वर्षांची, नार्व्याची, डिचोलीत डॉक्टरांच्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये पहिलीच नोकरी. रविवारी खाणीच्या ट्रक ड्रायव्हरांचं तपासणी शिबिर झालं होतं आणि ते तिने पहिल्यांदाच एकटीने सांभाळलं होतं. साठ ड्रायव्हर, साठ नळ्या. रविवारी घरी जाताना ती एस.टी.त उभ्यानेच गाणं गुणगुणत होती, इतकी खूश!

"हा शांताराम," डॉक्टरांनी एका कागदावर बोट ठेवलं. "पाच वर्षांमागे मी स्वतः तपासून कार्ड दिलंय. बी पॉझिटिव्ह. तू लिहिलंस ओ पॉझिटिव्ह. माणसाचं पोट बदलतं, टक्कल पडतं. रक्तगट बदलतो काय गो?"

"सर, मी दोनदा बघितलं होतं..."

"मगे नळ्या मिसळल्या असशील. कंपनीवाले म्हणतात, एक चुकला म्हणजे साठही चुकले. सोमवारपर्यंत मला कळायला हवं काय झालं ते. नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल."

ते आत गेले. विनोदिनीने डोळे पुसत गठ्ठा आवरला. नोकरी गेली तर गेली, पण डिचोली केवढी! 'नळ्या मिसळणारी' असं एकदा नाव पडलं, की म्हापशापर्यंत कुठल्या लॅबचं दार उघडणार नव्हतं.

सगुणदादाने चहातून उंडा काढला. हा सगुणदादा मोटरसायकलवरून गावोगावची सॅम्पलं आणायचा, आणि जत्रांच्या दिवसांत नाटकांना प्रॉम्प्टिंग करायचा. त्यामुळे एरवीही तो कुजबुजतच बोलायचा.

"रडू नको. तीन गोष्टी असू शकतात," तो कुजबुजला. "एक, तू चुकलीस."

"मी चुकले नाही!"

"दोन, पाच वर्षांमागे डॉक्टर चुकला. तीन, शांतारामाने स्वतःच्या जागी दुसऱ्यालाच सुई टोचून घ्यायला बसवलं. साखर लपवायला ड्रायव्हर करतात असलं."

दुसरी गोष्ट विनोदिनीने तिथेच निकालात काढली. जुन्या रजिस्टरात शांताराम तीनदा होता आणि तीनही वेळा बी. उरली तिसरी. दुपारी ती थेट ट्रकांच्या लायनीत गेली. शांताराम टायरला टेकून बसला होता. पस्तिशीचा, बारीक, डोक्यावर दाट कुरळे केस. रविवारी सुई टोचताना 'हळू गो बाय, माझी शीर लाजाळू आसा' म्हणून हसवणारा हाच तो. म्हणजे तोतया बसला नव्हता. तिसरी गोष्टही गेली.

"शांतारामदादा, तुमचा गट ओ आलाय."

त्याचं हसू मावळलं. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि चक्क हात जोडले.

"बाय, बी लिही. पाया पडतंय तुझ्या. काय विचारू नको, फक्त बी लिही!"

२

लिहायचं तर एक अक्षर होतं. लिहिलं असतं तर डॉक्टर खूश, कंपनी खूश, शांताराम खूश.

पण विनोदिनीने लिहिलं नाही. खाणीच्या रस्त्यावर ट्रक कसे पळतात ते तिला ठाऊक होतं. उद्या अपघात झाला, घाईगडबडीत कुणी कार्डावर विश्वास ठेवला, आणि ओ गटाच्या माणसाला बी रक्त चढवलं, तर तो तिथेच संपणार. मग ते एक अक्षर तिचं.

"याला ठाऊक आहे," ती सगुणदादाला म्हणाली. "आपला गट बदललाय हे याला आधीच ठाऊक आहे!"

"मगे चौथी गोष्ट." सगुणदादाने आवाज आणखी खाली नेला. "हो शांताराम न्हयच! दुसरोच कोण तरी!"

आणि गंमत बघा, चहाच्या गाड्यावर ड्रायव्हर अगदी तेच बोलत होते. शांताराम दोन वर्षं कारवारला ट्रक चालवायला म्हणून गेला, तेव्हा केस सरळ होते. आला तो कुरळे घेऊन. पूर्वी गाड्यावर तीन तीन पाव-भाजी हाणायचा. आता बायको डबा देते, तेवढंच खातो, पाणीसुद्धा घरचंच.

"मिशी पण बारीक झाली त्येची," एकजण म्हणाला.

"कारवारात केस कुरळे करून मिळतत काय रे? मी पण जातंय!"

सगळे हसले. विनोदिनी हसली नाही. डोक्यात एकच घोळत होतं, दुसऱ्याचं नाव घेऊन, दुसऱ्याच्या बायकोबरोबर राहणारा हा कोण?

बुधवारी रिपोर्ट द्यायला ती सरकारी आरोग्य केंद्रात गेली. बुधवार म्हणजे बाळांच्या लसींचा दिवस. बाकावर ओळीने आया, मांडीवर रडकी बाळं, आणि बाकाच्या टोकाला, हातातला रुमाल पिळत, शर्टाची बाही वर करून बसलेला...

शांताराम!

मांडीवर बाळ नव्हतं. त्याचा नंबर आला. शेवंती सिस्टरने त्याच्याच दंडात सुई टोचली आणि म्हणाली, "झाली हां ही पण. पुढची दोन महिन्यांनी."

३

तो गेल्यावर विनोदिनीने सिस्टरला गाठलं. शेवंती सिस्टर म्हणजे निम्म्या डिचोलीला टोचलेली बाई. विनोदिनीलाही.

"सिस्टर, त्या माणसाला बाळांच्या लसी कशाला?"

"मुंबईच्या डॉक्टराचं पत्र आहे, मी टोचते."

"पण लहानपणी घेतलेल्या असतीलच ना?"

"त्या धुऊन गेल्या." सिस्टरने एकदम जीभ चावली. "जा गो तू! पेशंटाचं दुसऱ्याला सांगत नाही मी. तुझं सांगितलं असतं कुणाला, तर चाललं असतं काय?"

लसी धुऊन गेल्या? अशा कशा धुऊन जातील?

गुरुवारी ती शांतारामच्या वाटेवर उभी राहिली. "दादा, मी बी लिहिणार नाही. पण मला अजून एक नळी द्या. जे कळेल ते तुम्ही, मी आणि सगुणदादा, एवढ्यांतच राहील."

त्याने डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "तुझी नोकरी जातली म्हणतत. खरा काय?"

"हो."

त्याने मुकाट्याने हात पुढे केला.

लॅबमध्ये तिने आधी नेहमीची तपासणी केली. काचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब, एकात निळं औषध, एकात पिवळं. निळ्यात गुठळी झाली तर ए, पिवळ्यात झाली तर बी, कशातच नाही तर ओ. कशातच झाली नाही. ओ.

मग तिने उलटी तपासणी करायचं ठरवलं. रोजच्या घाईत ती कुणी करत नाही. माणसाच्या रक्तातलं वरचं पाणी, म्हणजे सिरम, घ्यायचं, आणि ते दुसऱ्यांच्या रक्ताशी भांडतं का बघायचं. ओ गटाच्या माणसाचं सिरम ए शीही भांडतं आणि बी शीही.

"सगुणदादा, बोट पुढे करा. तुम्ही ए, मी बी."

"माझं कशाला गो?" असं म्हणेपर्यंत टोचून झालं होतं.

सगुणदादाच्या रक्तात शांतारामचं सिरम पडलं, तशा लालभडक गुठळ्या झाल्या. विनोदिनीच्या रक्तात पडलं आणि...

काही नाही. पुन्हा केलं. काही नाही. शांतारामचं सिरम बी शी भांडतच नव्हतं, जसं काही ते घरचंच माणूस!

"दादा," विनोदिनीने काचपट्टी उजेडात धरली, "याच्या लाल पेशी म्हणतायत मी ओ. आणि सिरम म्हणतंय मी बी. एकाच माणसाच्या अंगात दोन माणसं आहेत!"

४

शनिवारी ती नार्व्याला घरी गेली, पण जेवणात लक्ष नाही. बाबा नदीकाठच्या वायंगणात, म्हणजे हिवाळी भाताच्या शेतात, लावणीला होते, तर ती तिथे जाऊन बांधावर बसली.

यंदा बाबांचा तरवा, म्हणजे भाताची पेरलेली रोपं, खाऱ्या पाण्याने जळून गेला होता. खेकड्यांनी बांध पोखरला, भरतीचं पाणी आत शिरलं. बाबांनी मग सगळं नांगरून काढलं होतं आणि आता ते शेजारच्या पार्वतीकाकूंकडून रोपं आणून लावत होते.

"बाबा, मग यंदा आपल्याकडे कुठलं भात होणार?"

"असं काय विचारतेस? शेत आपलं, पण रोपं काकूंची. होणार ते त्यांच्याच जातीचं."

विनोदिनी बांधावरून अशी काही उठली, की चिखलात घसरून बसलीच. तशाच चिखलाच्या कपड्यांत तिने सगुणदादाला फोन लावला.

"दादा! मूळपेशी! स्टेम सेल!"

"हळू बोल. काय ते?"

"अंगात सगळ्या पेशींच्या आधीच्या पेशी असतात. आईच्या पोटात अगदी पहिल्या दिवसांतल्या असतात ना, त्यांचं काहीही होऊ शकतं. हाड, मेंदू, कातडी, काहीही."

"म्हणजे नवो नट. राजा दे, विदूषक दे, कसलंय काम करतलो."

"हां! आणि हाडांच्या मगजात, म्हणजे आतल्या मज्जेत असतात, त्या मुरलेल्या नटांसारख्या. त्या फक्त रक्ताचीच कामं करतात. लाल पेशी, पांढऱ्या, प्लेटलेट. बाळाच्या नाळेतल्या रक्तातही तसल्या मिळतात. आता रक्ताचा कॅन्सर झाला, की मगज नासतं. मग डॉक्टर जहाल औषधं देऊन ते सगळं नांगरून काढतात. केस जातात, आणि परत येतात ते कधीकधी कुरळे येतात. लहानपणच्या लसींचा असर पण जातो. आणि मग दुसऱ्या कुणाच्या मूळपेशी शिरेतून सोडतात, रक्त चढवतात तशा. त्या आपोआप हाडांत जाऊन रुजतात. पुढचं सगळं रक्त त्या देणाऱ्याच्या गटाचं!"

"आणि सिरम?"

"बाकीचं अंग अजून बी च आहे ना, शेत जुनंच. म्हणून नवं रक्त बी शी भांडत नाही. दादा, दुसरा कुणी ओ गटाचा तोतया असता तर भांडला असता. हा खराच शांताराम आहे. मरणाच्या दारातून आलेला शांताराम!"

 "थंयच रव. मी गाडी घेवन येतंय," सगुणदादा म्हणाला.

संध्याकाळी दोघं शांतारामच्या घरी गेली. विनोदिनीने सगळं सांगितलं, तसा तो कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसला आणि मोठा श्वास सोडला. त्याची बायको सुमंगला दारातच उभी होती.

"खरा आसा," तो म्हणाला. "कारवार खोटा. मुंबईत होतंय, काचेच्या खोलयेत. पेशी दिल्यान तो परदेशातलो कोण अनोळखी, असा सुमंगलान सांगलेला. कॅन्सर झालेलो कळलो तर ट्रक कोण देतलो माका? म्हणान लपवलंय. पण तुझ्या पोटावर पाय देऊन न्हय. सोमवारी मी येतंय आणि डॉक्टरांक सांगतंय."

"नुसतं सांगून चालणार नाही. हॉस्पिटलची फाईल हवी."

"सुमंगला, फाईल काढ गो."

सुमंगलाने हातातली पाण्याची पेली खाली ठेवली.

"फाईल नाय," ती म्हणाली. "हरवली."

५

"हरवली नाही ती," बाहेर आल्या आल्या विनोदिनी म्हणाली. "नवऱ्याच्या जिवाची फाईल कोण हरवतं? कागदपत्रं सगळी तीच बघायची, हा तर काचेच्या खोलीत. देणारा परदेशातला कुणी अनोळखी, असं तिने त्याला सांगितलंय. पण परदेशातल्या अनोळखी माणसाचं नाव नवऱ्यापासून कशाला लपवायचं?"

"म्हणजे नाव वळखीचं."

"आणि असल्या पेशी जुळायला सगळ्यात आधी बघतात सख्खा भाऊ नाहीतर बहीण. चारात एकाची जुळते."

सगुणदादा मोटरसायकलला किक मारता मारता थांबला.

"तेका भाऊ आसा. मांद्र्याक. दत्ताराम." आणि मग त्याने सगळं सांगितलं. जत्रेच्या नाटकात राजाचं काम कुणी करायचं, यावरून दोघा भावांचं वाजलं. गावाने दत्तारामला दिलं. शांतारामने भर सभेत सांगितलं, 'ह्येच्या घरचा पाणी पिऊचंय नाय!' आणि गाव सोडून डिचोलीला आला. नऊ वर्षं झाली. चवथीचा गणपती दोघांचा एकच, गावच्या मूळ घरातला, पण हा तिथेही जात नाही. "आणि गो, दोन वर्षांमागे दत्तारामाने काम केलं नाही! जत्रेच्या आठ दिवस आधी गायब. नाटक रद्द झालं. लोकांनी तेका इतक्या शिव्या घातल्या, पण खंय गेलेलो तां सांगूक नाय."

रविवारी दोघं मांद्र्याला गेली. दत्तारामच्या चार भाड्याच्या खोल्या होत्या, समुद्राकडे तोंड करून. तो एका खोलीच्या जनेलाला, म्हणजे खिडकीला, हिरवा रंग देत होता. धिप्पाड, आवाज असा की चौथ्या खोलीतला परदेशी पाहुणाही डोकावला.

विनोदिनीने सगळं सांगितलं. गुठळ्या, लसी, शेत, सगळं. आणि शेवटी, "फाईल वहिनींनी तुमच्याकडेच लपवायला दिलीय ना?"

तो रंगवतच राहिला. रंगवलेल्यावर परत रंगवत होता.

"मुंबईत पाच दिवस इंजेक्शनां दिली माका," तो म्हणाला. "मगे मशिनीक जोडलो. ह्या हातातसून रक्त जाता, ह्या हातातसून परत येता, मधी पेशी काढून घेतत. चार तास. नाटक तीन तासांचा असता, ह्या चार."

"का नाही सांगितलंत त्यांना?"

"कळला असता तर घेतल्यान नसता! हट्टी आसा मेलो. मेलो असतो, पण घेतल्यान नसता." ब्रश खाली ठेवून त्याने तिच्याकडे बघितलं. "आता जगलो ना? मगे झाला. माझा नाव खंयच येवचा नाय. फाईल मिळूची नाय."

"दादा, माझी नोकरी..."

"तुझी नोकरी जाता ह्येचा माका वायट वाटता, बाय. पण उद्या तेणां सांगल्यान, माका ह्येचा रक्त नको, तर खंय काढून टाकतलो? कायमचो जळत रवतलो तो."

 विनोदिनीला एवढंच कळलं की ही फाईल हिसकावून घ्यायची नाही.

"तुमचं नाव माझ्या तोंडून कधीच जाणार नाही," ती म्हणाली. "पण शांतारामदादा उद्या दहा वाजता येणार आहेत. ट्रक गेला तरी चालेल म्हणाले, माझ्यासाठी. माझी त्यांची ओळख आठ दिवसांचीसुद्धा नाही."



६

सोमवारी दहा वाजता शांताराम धुतलेला शर्ट घालून आला. सुमंगला बरोबर होती. त्याने डॉक्टरांना सगळं सांगितलं, उभं राहून, एका दमात. विनोदिनीने काचपट्ट्या दाखवल्या, उलटी तपासणी समजावली.

डॉक्टर गोकुळदास चष्मा पुसत राहिले. "वाचलंय मी याबद्दल. बसतंय सगळं. पण विनोदिनी, कंपनीला मी काय देऊ? गोष्ट? कागद हवा."

"हो सर."

"एक कागद नाही?"

"नाही सर."

सुमंगला खाली बघत होती. डॉक्टरांनी उसासा टाकला आणि ड्रॉवर उघडला. विनोदिनीला वाटलं, झालं, आता मला काढल्याचं पत्र.

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. आणि दारात एवढा मोठा माणूस उभा राहिला, की खोलीत अंधारच झाला. हाताला हिरवा रंग. काखेत निळी फाईल.

शांताराम ताडकन वळला. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दत्ताराम कुणाकडेही न बघता आत आला, फाईल मेजावर ठेवली आणि पहिलं पान उघडलं. डॉक्टरांनी वाचलं. परत वाचलं. मग फाईल उचलून शांतारामच्या नाकासमोर, भिंतीपाशी नेऊन धरली.

"वाच बाबा. हे मी तुला सांगण्यातलं नाही."

मूळपेशी देणारा: दत्ताराम. नातं: सख्खा भाऊ. रक्तगट: ओ पॉझिटिव्ह.

 सगुणदादाचे ओठ हलत होते. दुसऱ्याचा संवाद अडला की प्रॉम्प्टरचे हलतात तसे.

"तू," शेवटी शांताराम सुमंगलाला म्हणाला, "माका परदेशातलो सांगलंस."

"मांद्र्याक पण परदेशातलीच माणसां रवतत," सुमंगला म्हणाली आणि रडायला लागली. रडता रडता हसायला लागली.

डॉक्टरांनी घसा खाकरला. "विनोदिनी, कंपनीला मी आत्ता फोन करतो. साठच्या साठ रिपोर्ट बरोबर. हा सध्या बरा असल्याचा दाखलाही मीच देतो, ट्रक कसा काढून घेतात बघू. आणि तू... तू हे नवीन कार्ड कर याचं. नीट कर. माझ्या आयुष्यात असलं कार्ड झालं नाही."

विनोदिनीने कोरं कार्ड घेतलं. नाव लिहिलं. रक्तगटाच्या चौकोनात जाड शाईने ओ काढला. खाली एक ओळ उरली होती.

"अपघात झाल्यास कुणाला कळवायचं?" तिने नेहमीच्या सवयीने विचारलं. "वहिनींचं नाव घालू?"

शांताराम भिंतीपासून वळला.

"दत्ताराम," तो म्हणाला. "मांद्रे."

"नातं?"

"थंय लिवलेला आसा मगे, फाईलीत. भाऊ."

"फोन नंबर?"

आता तो नंबर शांतारामला कुठून माहीत असणार!   विनोदिनी पेन धरून बसली. मग नऊ वर्षांत पहिल्यांदा शांतारामने मान वर केली आणि भावाकडे बघितलं.

"नंबर काय रे तुझो?"

वीस वर्षं रंगभूमी गाजवलेला तो धिप्पाड माणूस तोंड उघडून नुसता उभा राहिला.

"नव्वद... नाय, रव. नव्याण्णव... अरे, माका माझोच नंबर आठवणां नाय!"

"घाई नाय," शांताराम म्हणाला आणि शेजारची कदेल त्याच्यासाठी पुढे ओढली. "बस. आठव."